चाकणचा तेली आणि तुकोबांच्या वह्या

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा दाटला असेल. आणि ज्यांना वारी घडली नाही असे असंख्य भाविक आपापल्या देव्हाऱ्यासमोर बसून गाथेतील अभंग म्हणत असतील. ज्येष्ठ वद्य सप्तमीला श्रीतुकोबारायांची पालखी देहूच्या राऊळातून निघते, पहिली रात्र इनामदारवाड्यात काढते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात विसावते. पुढे पिंपरी, कासारवाडी, दापोडी असा तिचा मार्ग कारखान्यांच्या भिंतींना लागूनच जातो. पाळी संपवून आलेला कामगार हाताचे तेल फडक्याला पुसतो, चप्पल काढतो आणि रथाला हात लावून मागे सरतो. तो जे अभंग गुणगुणत परततो, ते प्रथम कागदावर उतरविणारा एक हात त्याच्याच हातासारखा तेलाने माखलेला होता, हे त्याच्या ध्यानी असेलच असे नाही. त्या हाताची कथा आज सांगावयाची आहे.

तो हात श्रीसंताजीमहाराज जगनाडे यांचा. जन्म चाकण येथे, इ. स. १६२४ मध्ये, तेली कुळात. पित्याचे नाव विठोबाशेट, मातेचे मथुबाई. आजही गाथेच्या परंपरेत त्यांचा उल्लेख संताजी तेली चाकणकर असाच होतो. आणि त्या नावातील जातिवाचक शब्द त्यांनी स्वतः कधी लपविला नाही, म्हणून आम्हीही तो येथे आदराने तसाच ठेवीत आहो.

चाकण या नावाची एक स्थळकथा आहे. दशरथ राजाच्या रथाचे चाक येथे निखळून पडले, म्हणून गाव चाकण आणि देव चक्रेश्वर. कथा जुनी आहे, गोड आहे. पण संस्कृत धर्मग्रंथांचा ज्याला थोडा परिचय आहे, त्याला चक्र या शब्दाचा आणखी एक अर्थ येथे आठवल्यावाचून राहत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दान कोणाचे घेऊ नये याची यादी आली आहे. तेथे चक्र म्हणजे तेलाचा घाणा, आणि चक्रवान म्हणजे तेली, असे टीकाकार कुल्लूकभट्ट सांगतो. त्या वचनाचा आशय असा, की एक घाणा हा दहा खाटीकखान्यांच्या तोडीचा होय. बियांत जीव आहे, घाणा बिया चिरडतो, म्हणून तो हिंसेचे यंत्र ठरला.

तथापि ते गणित तेथेच थांबत नाही. पुढे मद्य विकणारा तेल्याच्या दहापट सांगितला आहे, वेश्येच्या कमाईवर जगणारा त्याच्याही दहापट, आणि राजा त्याच्याही दहापट. आणि त्यापुढील श्लोकात शास्त्र सोडून वागणाऱ्या लोभी राजाचे दान घेणाऱ्याला नरक सांगितले आहेत. हिशेब करून पाहावा. राजा तेल्याहून हजारपटीने दोषी ठरतो! आमच्या पंडितमंडळींनी या वचनाचा तेल्यासंबंधीचा भाग शतकानुशतके तोंडपाठ ठेवला आणि राजासंबंधीचा भाग मात्र दक्षिणा घेताना सोयीने विसरून टाकला. तेली सकाळी समोर आला तर अपशकुन मानावयाचा, आणि त्याच्याच घाण्याचे तेल देवापुढच्या नंदादीपात घालावयाचे. समईला हा भेद कधी कळला नाही, ती जळतच राहिली. असो.

महाभारतकारांना हा प्रश्न ठाऊक होता. वनपर्वात मार्कंडेय ऋषी धर्मराजाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगतात. कौशिक तपस्वी, वेदज्ञ. क्रोधाने वर पाहताच अंगावर विटाळणारी बगळी जळून पडावी इतके त्याचे तेज. एका गृहिणीने त्याला भिक्षेसाठी तिष्ठत ठेवले तेव्हा तो तिच्यावरही तसाच कोपला. तिने शांतपणे सांगितले, की मी ती बगळी नव्हे. आणि धर्म जाणावयाचा असेल तर मिथिलेस जा म्हणून त्याला वाट दाखविली. तेथे त्याला गुरू म्हणून कोण भेटला? मांसाच्या दुकानात बसलेला व्याध. म्हणजे मनूने ज्या खाटीकखान्याला मापाचे एकक धरले, त्याच खाटीकखान्याच्या दारात व्यासांनी वेदज्ञ ब्राह्मणाला शिष्य म्हणून उभे केले. तो व्याध आईबापांची सेवा करी, माप खरे ठेवी, आणि हातातला व्यवसाय सोडून कोठे अरण्यात गेला नव्हता. चाकणच्या घाण्याकडे वळताना ही कथा मनात असावी.

घाण्याचे काम ज्यांनी पाहिले नाही अशी पिढी आता वाढली आहे, म्हणून दोन शब्द सांगतो. जाड लाकडाचे उखळ, त्यात उभी फिरणारी लाट, आणि तिला जोडलेल्या आडव्या लाकडाला जुंपलेला बैल. बैलाच्या डोळ्यांना झापड. तीळ, करडई, कारळे जे असेल ते उखळात पडे. बैल दिवसभर त्याच वर्तुळात चाले. लाटेखाली दाणा रगडला जाई. तेल वेगळे निथळे, पेंड वेगळी राही. माणूस त्याच गतीने मागे फिरे किंवा लाकडावर बसे, दाणे सारीत राही. विचार करावयाला वेळ भरपूर, आणि वाट मात्र एकच. अशा घरात संताजींना बालपणी लिहिणे, वाचणे आणि हिशेब एवढे शिकविले गेले. व्यापारी घराची गरजच तेवढी होती: कोणाला किती तेल दिले, पेंडीचे किती आले, उधारी कोणाकडे राहिली.

संताजी पाचसहा वर्षांचे असतील तेव्हा १६३० चा भीषण दुष्काळ पडला. त्याच दुष्काळात तिकडे देहूस तुकोबांचे दुकान बुडाले, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. देहूपासून चाकणचे अंतर ते किती! मध्ये भंडारा, आणि चाकणच्या बाजूला भामचंद्राचा डोंगर. ज्या डोंगरावर तुकोबा एकांतात बसले, त्याच्या पायथ्याशी आता चाकणची औद्योगिक वसाहत येऊन टेकली आहे. डोंगरावरून रात्री पाहिले तर खाली दिव्यांचा समुद्र दिसतो. त्या काळी खाली दिसत असतील ते तेलाचे तुरळक दिवे, आणि त्यांतले काही जगनाड्यांच्या घाण्यावरच्या तेलाचे.

संताजींचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झाले. पत्नीचे नाव यमुनाबाई. घाणा चालू होता, बाजार चालू होता, संसार मांडला गेला होता. अशात तुकोबा चाकणला कीर्तनासाठी आले. परंपरा सांगते, की त्या एका कीर्तनाने या तरुणाचे अंतःकरण असे ढवळून निघाले, की संसार सोडून तुकोबांच्या मागे जाण्याचा त्याने निश्चय केला आणि त्यांचे पाय धरले.

तुकोबांनी त्याला घरी परत पाठविले! संसारात राहूनच परमार्थ साधतो, घाणा सोडू नकोस, असा त्यांचा उपदेश झाला. आमच्या मते संताजींच्या चरित्रातील सर्वांत कठीण घटका हीच. वैराग्याच्या भरात घर सोडणारे पुष्कळ असतात. गावकरी हार घालतात, निरोप देतात, नाव होते. पण मन पेटलेले असताना दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा त्याच बैलाला जुंपावयाचे, गिऱ्हाइकाला तेच तेल मापून द्यावयाचे, आणि हे सारे गुरूची आज्ञा म्हणून, यात कोणी हार घालावयाला येत नाही. तुकोबांनी त्या तरुणाची जात पाहिली नाही, विद्या पाहिली नाही. नाही म्हटल्यावर हा रुसतो की राहतो, एवढेच त्यांनी पाहिले असावे. तो राहिला. पुढे त्यांनी घाण्यावर अभंग रचले. देहाचा घाणा, मनाचा बैल, असा त्या अडाणी समजल्या गेलेल्या यंत्रातून अध्यात्माचा अर्थ काढला. लाटेमागे प्रत्यक्ष फिरल्यावाचून ही प्रतीती येणे अवघड.

मग संताजी टाळकरी झाले. तुकोबांचे चौदा टाळकरी प्रसिद्ध आहेत, त्यांत त्यांची गणना होते. या चौदांची नामावळी एकदा लक्षपूर्वक वाचावी. देहूचे महादजीपंत कुलकर्णी, चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी, कडूसचे गंगारामबुवा मवाळ, सुदुंबऱ्याचे गवरशेट वाणी, लोहगावचे शिवबा कासार, तुकोबांचे बंधू कान्होबा, येलवाडीचे जावई मालोजी गाडे. कुलकर्णी आहे, वाणी आहे, कासार आहे, तेली आहे, आणि सर्वांच्या हाती सारखेच टाळ. गावेही पाहावीत: चिखली आता पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आहे, येलवाडी चाकणच्या वाटेवर. आज जेथे मोटारींचे सुटे भाग घडतात, त्या टापूतच हा मेळा जमला होता.

टाळकऱ्याविषयी कीर्तनकाराच्या अधिकाराने एक गोष्ट सांगतो. समोरच्या श्रोत्यांना वाटते की कीर्तन बुवा करतात. वास्तविक बुवांचा श्वास जेथे तुटतो तेथे पालुपद मागचे टाळकरी उचलून धरतात. बुवा पुढे काय म्हणणार हे त्यांना आधी कळावे लागते, आणि स्वतःचा आवाज बुवांच्या वर जाऊ द्यावयाचा नसतो. हे संगीतशास्त्र शिकून येत नाही. ज्याचे चित्त स्वतःवरून उठून दुसऱ्याच्या बोलण्यावर बसले आहे, त्यालाच ते साधते. असा मनुष्य मिळणे विद्वान मिळण्याहून दुर्मिळ आहे.

तुकोबांना तो मिळाला, आणि त्यांनी त्याच्या हाती लेखणी दिली. अभंग लिहून घेणारे दोन लेखक परंपरेने सांगितले आहेत: एक कडूसचे गंगारामबुवा मवाळ, ब्राह्मण, दुसरे चाकणचे संताजी तेली. उधारी मांडण्यासाठी शिकलेले अक्षर आता हरिनाम मांडू लागले. यात एक योग असा, की तुकोबाही मूळचे दुकानदारच. दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतपत्रे काढली, निम्मी बंधू कान्होबाच्या वाट्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, अशी प्रसिद्ध कथा आहे. एका वाण्याने देण्याघेण्याच्या वह्या बुडविल्या आणि एका तेल्याने नव्या वह्या उघडल्या.

त्या काळी कागद हाताने बनविलेला, महाग; जुन्नरचा कागद या प्रांतात नावाजलेला होता. लेखणी बोरूची. काळी शाई दिव्याच्या काजळीची: तेलाचा दिवा लावावयाचा, वर धरलेल्या भांड्याला धरलेली काजळी खरवडावयाची, डिंकाच्या पाण्यात घोटावयाची. ज्या तेलाच्या धंद्याला धर्मशास्त्राने दूर लोटले, त्या तेलाची काजळी झाल्यावाचून धर्मग्रंथाचे एक अक्षरही उमटत नव्हते. लिहिणाऱ्याचे वय ध्यानी घ्यावे. संताजी तेव्हा विशीच्या आसपास होते. आणि सांगणारा काही आसनावर बसून सावकाश पद सांगणारा नव्हता. कीर्तनाच्या ओघात, डोंगरावर, वाटेत, जेथे स्फुरेल तेथे अभंग निघे. तो ऐकून ध्यानी ठेवावयाचा आणि स्वतःचा शब्द मध्ये मिसळू न देता उतरावयाचा.

मग ते प्रसिद्ध संकट आले. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला, की शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकट होतो हे अधर्म्य आहे. तुकोबांनी वह्या इंद्रायणीच्या डोहात सोडल्या, आणि काठावरच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून ते पडून राहिले. त्यानंतर वह्या कोरड्या वर आल्या, ही भाविकांची श्रद्धा आणि संप्रदायाची साक्ष. या प्रसंगी आपण सारे तुकोबांकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण काठावर आणखीही माणसे होती. ज्यांनी दिवसाचे काम आवरून, रात्री दिव्यापुढे डोळे ताणून ती पाने भरली होती, त्यांच्या मनात ते तेरा दिवस काय चालले असेल? अशीही एक समजूत लोकांत चालत आली आहे, की पाण्यात बुडविल्या तरी त्या वह्या नष्ट होणे शक्यच नव्हते, कारण अभंग लोकांच्या कंठात उतरले होते आणि संताजींसारख्यांनी ते पुन्हा लिहून काढले. काही जण या दोन कथांत भांडण लावतात. आम्हांला त्यात विरोध दिसत नाही. देवाने पाण्यातून वह्या काढल्या म्हणा, किंवा माणसांच्या अंतःकरणातून काढल्या म्हणा, काढणारा तोच.

रामेश्वरभट्टांचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, नाही तर कथा अर्धी राहते. ते शरण आले, तुकोबांचे शिष्य झाले आणि चौदा टाळकऱ्यांत उभे राहिले. म्हणजे वह्या बुडवावयास लावणारा पंडित आणि वह्या लिहिणारा तेली एकाच ओळीत टाळ धरून उभे! देवाने तेल्याची निवड केली याचे नवल आपण करतो. आमच्यासारख्या संस्कृत पढलेल्यांनी खरे नवल रामेश्वरभट्टांचे करावे. संताजींना घाणा सोडावा लागला नाही. भट्टांना मात्र विद्येचा ताठा सोडावा लागला, आणि तो घाण्याच्या लाटेहून जड असतो.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, म्हणजे इ. स. १६५० मध्ये तुकोबांचे वैकुंठगमन झाले. संताजी तेव्हा अवघे पंचविशीत होते. गुरूचा सहवास फार तर आठदहा वर्षांचा. पुढचे सारे आयुष्य त्या वह्यांच्या सोबतीने काढावयाचे होते. काळही निवांत नव्हता. १६६० च्या उन्हाळ्याअखेरीस शाएस्तेखानाची मोगली फौज चाकणवर येऊन बसली. फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने झुंजविला, आणि मग तो पडला. ज्या गावाच्या भुईकोटाभोवती अशी फौज बसते, त्या गावातल्या घाण्याचे, गुरांचे, धान्याच्या कणग्यांचे काय होते हे सांगावयास नको. त्या धामधुमीत संताजींनी आपला संसार बाजूला ठेवून वह्या आधी सांभाळल्या, अशी परंपरा आहे. तेल्याच्या घरातून पळताना माणूस काय उचलील? पैशाची पिशवी, भांडी, फार तर बैल. यांनी कागद उचलले.

त्यांच्या उत्तरायुष्याचे गाव सुदुंबरे. चाकणहून तळेगावच्या बाजूला जाताना हे गाव लागते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आता तेथे आहे. पुरात, दरडीत सापडलेली माणसे काढावयास येथूनच जवान निघतात. वह्या वाचविणाऱ्याच्या गावी हे ठाणे असावे, हा योगायोग आम्हांला आवडतो.

त्या वह्यांची पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. संताजींच्या मागे त्यांचे चिरंजीव बाळोजी आणि जगनाडे घराणे यांनी त्या जपल्या. १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची मोठी आवृत्ती निघू लागली, तेव्हा देहू, कडूस, तळेगाव, पंढरपूर येथील पोथ्या पाहिल्या गेल्या. पुढे ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे, महाराष्ट्र सारस्वताचे कर्ते, यांनी संताजींच्या वह्यांच्या आधारे १९१९ आणि १९२० मध्ये दोन भागांत गाथा छापला. त्याला त्यांनी नाव दिले ते तुकारामबुवांचा अस्सल गाथा. मोठमोठ्या पोथ्यांच्या मेळ्यात अस्सल हा शब्द तेल्याच्या हस्ताक्षराला मिळाला, हे त्यांच्या मागे सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी. २००९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीटही काढले.

परंतु सुदुंबऱ्याच्या समाधीपाशी भाविक हात जोडतात तेव्हा त्यांच्या मनात छापील गाथ्याचा इतिहास नसतो. तेथे आठवली जाते ती दुसरीच गोष्ट. गुरुशिष्यांचे एकमेकांना वचन होते, की जो आधी जाईल त्याला मागे राहिलेल्याने मूठमाती द्यावी. तुकोबा तर सदेह वैकुंठास गेले. संताजींच्या हाती माती देण्याचे काही उरलेच नाही. वर्षे गेली. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला संताजींनी देह ठेवला. गावकऱ्यांनी समाधी खणली, देह आत ठेवला आणि माती लोटू लागले. छातीपर्यंत माती आली, गळ्यापर्यंत आली. पण मुख काही केल्या झाकेना. जितकी माती टाकावी तितकी ती बाजूला सरे. सगेसोयरे थकले. हात जोडून ते घरोघर परतले, आणि समाधीतले ते मुख तसेच उघडे, वाटेकडे डोळे लावून राहिले. रात्री तुकोबा वैकुंठाहून सुदुंबऱ्यास आले. त्यांनी वाकून तीन मुठी माती घातली, आणि मुख झाकले गेले.